गैरहजर नऊ

मी चौथीत असताना आमच्या शाळेत तपासणी होती. आदल्या दिवशी सरांनी वर्गातल्या चौघांना बाजूला बोलावलं आणि अगदी मायेनं सांगितलं, "उद्या तुम्ही आला नाहीत तरी चालेल." त्या चौघांत मी होते. आम्हाला वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईनं वेणी घालायला हाक मारली तेव्हा मी म्हटलं, "आज सुट्टी आहे." आई शेतावर गेल्यावर मी शाळेच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. आतून मुलांचा वाचण्याचा आवाज येत होता. मग साहेबांचा आवाज आला, "छान. वर्गातल्या सगळ्यांना वाचता येतं." मला रडू आलं नाही. मी फक्त मोजत होते. आतल्या त्या 'सगळ्यां'मध्ये आम्ही चौघं नव्हतो.

वाचायला मी पुढच्या वर्षी शिकले, शाळेत नव्हे तर आमच्या वस्तीतल्या विहारात. नोकरीवरून आल्यावर एक काका संध्याकाळी आम्हा पोरांना घेऊन बसायचे. त्यांना कुणी पगार देत नव्हतं की कुणी त्यांची तपासणी करत नव्हतं. मला पहिला अख्खा धडा वाचता आला त्या दिवशी त्यांनी नुसती मान हलवली आणि पान उलटलं.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे काम माझ्याकडे आलं त्यात मी कोरी पाटी घेऊन गेले नव्हते. लग्नानंतर मी लोणावळ्यात आले. गणित घेऊन पदवीपर्यंत शिकले होते, शिकवण्या घेत होते. तेव्हा जिल्ह्याच्या खर्चानं मावळातल्या काही गावांत शाळा सुटल्यावर अभ्यासवर्ग सुरू होणार होते, आणि त्या वर्गांचा मुलांना खरोखर उपयोग होतो का हे तपासायला माणसं हवी होती. मी अर्ज केला. मुलाखतीत या तपासणीचं काम बघणाऱ्या पुण्याच्या सरांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, असे वर्ग उपयोगी असतात?"

"मला वाटतं, असतात," मी म्हणाले.

"मग तुम्हाला हे काम जड जाईल," ते म्हणाले. तरीही त्यांनी मला घेतलं.

काम तसं सरळ होतं. जुलैत मुलांची चाचणी घ्यायची आणि मार्चमध्ये पुन्हा तीच. काही गावांत वर्ग होते, काहींत अजून सुरू झाले नव्हते. लोणावळ्याजवळच्या औंढ्याकडच्या दोन शाळा अशाच, वर्ग नसलेल्या. दोन्हीकडची मुलं किती पुढं गेली ते ताडून बघायचं. चाचणीच्या कागदावर चार टप्पे होते: अक्षरं, मग सुटे शब्द, मग चार ओळींचा उतारा, मग गोष्ट. मूल जिथं अडेल तिथं थांबायचं आणि खूण करायची. चाचणी घेताना सांगायचं काही नाही. 'शाब्बास' म्हणायचं नाही, 'अगं बघ नीट' म्हणायचं नाही. ओठसुद्धा हलवायचे नाहीत, कारण मुलं ओठ बघतात. हे शेवटचं मला आरशासमोर बसून शिकावं लागलं.

माझ्याकडे जे वर्ग होते त्यातला एक मळवली स्टेशनपासून चालत पोचता येईल अशा गावात भरायचा, समाजमंदिरात. वर्ग घेणारी बाई त्या गावची सून होती. बारावी झालेली, वयानं माझ्याहून लहान, पण गावात सगळी तिला ताईच म्हणायची म्हणून मीही ताईच म्हणू लागले. जुलैत मी गेले तेव्हा लावणीचे दिवस होते. मुलं पायाचा चिखल दारातल्या फरशीवर पुसत आत येत होती. ताईनं एका कोपऱ्यात जुन्या वह्यांची पाठकोरी पानं शिवून ठेवली होती. भिंतीवर बाराखडी, तिच्याच हातची.

"मॅडम, पोरं लाजतील तुमाला," ती म्हणाली. "पन येतंय त्यांना थोडं थोडं."

एकतीस मुलं होती. खरंच थोडंच येत होतं. निम्म्याहून जास्त अक्षरांपाशीच अडली. पाचवीतली एक मुलगी मला लक्षात राहिली. तिनं अक्षरं खाडखाड वाचली, आणि दोन अक्षरं जोडून शब्द आला की मान खाली. मी खूण केली आणि "जा" म्हटलं, तर ती म्हणाली, "आजून विचारा की." मी नियमाप्रमाणे पुढचं मूल बोलावलं.

मार्चमध्ये पुन्हा गेले तो शुक्रवार होता. खाचरं कोरडी पडली होती. समाजमंदिरात मुलं रांगेत बसली होती, केस विंचरलेली, दप्तरं भिंतीला टेकवून ठेवलेली. चाचणी सुरू झाली आणि पाचसहा मुलांनंतरच माझ्या लक्षात आलं की वर्ग बदललाय. मुलं शब्द वाचत होती, उतारा वाचत होती, आणि तिघांनी तर गोष्ट शेवटपर्यंत वाचली. मला आतून इतका आनंद होत होता की तो चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मी कागदातून मान वर काढत नव्हते.

बाविसावं मूल उठलं आणि पुढं कुणी नव्हतंच.

"बाकीची?" मी विचारलं.

"ती आता येत न्हाईत," ताई म्हणाली.

"नऊ मुलं?"

"व्हय. कुनी दिवाळीनंतर, कुनी संक्रांतीनंतर. मी हाकलली न्हाईत, मॅडम."

मी जुलैचे कागद काढले आणि तिथंच सतरंजीवर पसरले. न आलेल्या नऊपैकी सात मुलं जुलैत अक्षरांवर अडलेली होती. म्हणजे वर्गात खालच्या पायरीवर होती त्यातलीच बरीचशी गळाली होती. जी उरली होती त्यांचाच आकडा मी आता वहीत लिहिणार होते, आणि तो आकडा फार देखणा दिसणार होता.

मी बाहेर येऊन सरांना फोन लावला.

"आहेत त्यांची घेतली ना? झालं तर मग," ते म्हणाले. "बाकीच्यांपुढे गैरहजर लिहा. सगळीकडे थोडी गळती असतेच."

"सर, पण गळालेली बहुतेक खालची आहेत. वर्गानं मुलं वर आणली, की खालची गेली म्हणून वर्ग वर दिसतोय, हे कसं सांगायचं मग?"

"मंगळवारी मला कागद पाहिजेत. शाळांच्या परीक्षा तोंडावर आहेत, शाळेच्या वेळेत कुणाची चाचणी घ्यायची नाही हे ठरलंय. मग कशी शोधणार?"

"घरी जाऊन."

"तुमच्या हिशेबानं बघा. मंगळवार मात्र चुकवू नका."

आत येऊन मी ताईकडे नऊ मुलांची घरं विचारली. तिचा चेहरा एकदम कडक झाला. "कशाला? कच्ची पोरं मोजून आमचा वर्ग कच्चा म्हनायचाय?"

"जे आहे ते लिहायचंय."

"मला काय ठाव न्हाई कोन कुटं ऱ्हातंय," ती म्हणाली आणि सतरंजी गोळा करायला लागली. गावातल्या प्रत्येक मुलाच्या घरचा उंबरा तिला माहीत होता हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तिचा राग मला समजत होता. पण राग समजला म्हणून काम सोडायचं नव्हतं.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी पुन्हा त्या गावात गेले. दुकानात विचारत, ओट्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारत चार मुलं सापडली. दोघं मुलगे चांगलं वाचणारे निघाले. त्यांना घरच्यांनी कामशेतला खाजगी शिकवणीला घातलं होतं. त्यांनी गोष्ट वाचून टाकली आणि खेळायला पळाले. उरलेल्या दोघी बहिणी होत्या. त्यांची आई डिसेंबरपासून लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जायला लागली होती, आणि ती परत येईपर्यंत धाकटा भाऊ या दोघींच्या अंगावर. थोरलीनं भावाला कडेवर घेऊनच चाचणी दिली. तो कागद ओढत होता. जुलैत ती अक्षरांवर होती, आता शब्द वाचत होती. धाकटी अजून अक्षरांवरच होती.

"वर्गाला जावंसं वाटतं का?" मी चाचणी संपल्यावर विचारलं. हे कागदावर नव्हतं.

"ह्याला घिऊन येऊ देतील का?" थोरलीनं भावाकडे बोट दाखवत विचारलं. तो प्रश्न मी कागदाच्या मागे लिहून घेतला.

रविवारी एसटीनं इंदुरीला गेले. एक मुलगा आईबरोबर मामाकडे राहायला गेला होता. तिथल्या जुन्या किल्ल्याच्या दरवाज्याजवळ त्याच्या मामीनं मला चहा पाजला आणि मुलाला नदीवरून हाका मारून बोलावलं. तो ओल्या चड्डीनंच वाचायला बसला. शब्द वाचले, उताऱ्याच्या दुसऱ्या ओळीत अडला. आणखी एका मुलाचं कुटुंब कुठं गेलं ते कुणालाच सांगता येईना. ते नाव मी तसंच ठेवलं.

उरली तिघं. ही तिन्ही मुलं मळवलीच्या बाजूला बंगल्यांवर राहायची. पुण्यामुंबईच्या लोकांचे बंगले, आणि मागच्या खोलीत राखण करणारं कुटुंब. शनिवार-रविवारी पाहुणे असतात, तेव्हा तिथं जाण्यात अर्थ नव्हता. सोमवारी साडेचारला मी स्टेशनवर उतरले, तर पुलाच्या पायथ्याशी ताई उभी होती. खांद्याला पिशवी, हातात छत्री उन्हासाठी. चाचणीनंतर सोमवारपर्यंत तिच्या वर्गाला सुट्टी होती.

"बंगल्यावर येकट्या बाईला कुत्री आत सोडत न्हाईत," ती म्हणाली. "वळखीचं मानूस लागतं."

आम्ही चालायला लागलो. ताई म्हणाली, "त्या दोघी भनींची आय भेटली मला काल. म्हनली, बाहेरची बाई घरी येऊन गेली, पोरी का येत न्हाईत म्हनून इचारून गेली." मग ती म्हणाली, "ते मी इचारायला पायजे होतं. मी वहीत फुली मारत गेले."

पहिल्या बंगल्यावर दोघं भाऊ-बहीण होते. दोघंही शब्दांवर आले होते. दुसऱ्या बंगल्याशी पोचलो तेव्हा मागच्या बाजूला तारेवर चादरी वाळत होत्या, पाहुणे सकाळीच गेले होते. चादरींमागून जी मुलगी आली ती जुलैत "आजून विचारा की" म्हणणारी. तिनं आधी मला ओळखलं, मग ताईला बघून तिचा चेहरा पडला.

"मी शाळेत जाते," ती घाईघाईनं म्हणाली.

तिची आई हात पुसत बाहेर आली. तिनं आम्हाला पायरीवर बसायला सांगितलं. "वर्ग सुटायला साडेसहा व्हतात," ती ताईला म्हणाली. "दिवाळी झाली की तवर अंदार पडतो. ह्या गल्लीत गाड्या कशा येत्यात तुमाला ठाव हाय. कुत्री हायेत. हिचा बाप गेटावर, मी सैपाकात. आनायला कोन जानार? म्हनून बंद केलं. पोर रडली, पन काय करनार."



मी मुलीला समोर बसवलं. कागद दिला. अक्षरं झाली. शब्द आले, आणि ती वाचू लागली. घर, पाणी, डोंगर, मुलगी. एकेक शब्द नीट, न चुकता. मी उतारा पुढं केला. पहिली ओळ तिनं वाचली. दुसऱ्या ओळीत 'रस्त्यावर' हा शब्द होता. तिथं ती थांबली. "र," ती म्हणाली. मग बोट त्या शब्दावर ठेवून नुसती बघत राहिली.

माझ्या मागे उभ्या असलेल्या ताईनं श्वास आत ओढला. ती सांगणार हे मला कळलं आणि मी मागं न बघता हात वर केला. मुलगी शब्दाकडे बघत होती, ताई मुलीकडे, आणि मी माझे ओठ मिटून बसले होते. मिनिटभर तरी असंच गेलं असेल. मग मी खूण केली.

"मला जोडाक्षरं येत न्हाईत," मुलगी म्हणाली. तक्रार नव्हती, नुसती माहिती. "ताईनं ती दिवाळीनंतर घेतली. मी तवा नव्हते."

ताई चादरींच्या पलीकडे गेली. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि आवाज नेहमीसारखा होता. तिनं मुलीच्या आईला विचारलं, "चारला शाळा सुटली की लगीच भरवून पाच वाजता सोडलं तर पाठवशील?"

"पाचला का न्हाई पाठवनार? उजेड असतोय."

"मग बघते मी," ताई म्हणाली.

परतताना ती म्हणाली, "मी तिला शब्दापर्यंत आनली व्हती. तितंच थांबली, बघा. जितं मी सोडली तितं."

मी तिला म्हटलं की एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, ती शाळेतही जाते, तिथंही शिकली असेल. हे मी म्हणायलाच हवं होतं, कामच ते होतं. पण त्या दिवशी बंगल्याच्या पायरीवर बसून मी जे पाहिलं ते मला विसरता येत नव्हतं.

मंगळवारी कागद पुण्याला पोचवले. सरांनी दोन्ही आकडे बघितले, हजर मुलांचा आणि घरी जाऊन शोधलेल्यांसकट सगळ्यांचा. दुसरा अर्थातच खाली होता. "अहवालात पहिला घ्यायचा म्हणजे वर्ग चालू राहायला सोपं जाईल," ते म्हणाले. "तुम्हालाही तेच हवंय ना?"

"मला वर्ग चालू राहायला हवेत," मी म्हणाले. "पण ज्या मुलांसाठी काढलेत ती त्यात नसताना चालू राहून काय उपयोग? दोन्ही आकडे छापा. नाहीतर माझं नाव काढा."

सर चिडले होते. पण त्यांनी बाकीच्या गावांचेही न आलेल्या मुलांचे कागद मागवले, आणि दोन्ही आकडे छापले.

तालुक्याच्या ठिकाणी बैठक झाली तेव्हा अधिकाऱ्यांनी अहवाल चाळून विचारलं, "वर्गांचा फायदा होतो की नाही? एका वाक्यात सांगा."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले. "टिकून राहिलेली मुलं जुलैत त्यांच्याच पायरीवर असलेल्या, वर्ग नसलेल्या गावांतल्या मुलांपेक्षा पुढं गेली आहेत, एका गावाचा अपवाद सोडून," मी सांगितलं. "पण सगळ्यात जास्त गरज असलेली मुलं टिकली नाहीत. वर्ग सुटायची वेळ, घरापर्यंतची वाट आणि घरातली लहान भावंडं, या तीन गोष्टींमुळे."

"ही तीन वाक्यं झाली," ते म्हणाले. कुणीतरी हसलं. मी हसले नाही, आणि बसलेही नाही. मग त्यांनी विचारलं, "वेळ बदलायला काय लागेल?"

वेळ बदलायला एक पत्र लागलं. दिवाळीनंतर वर्ग पाचला सोडायचा आणि धाकट्या भावंडांना बरोबर आणू द्यायचं, एवढं त्या पत्रात होतं. पुढच्या वर्षी बंगल्यावरची ती मुलगी आणि पहिल्या बंगल्यावरची दोघं भावंडं मार्चपर्यंत वर्गात होती. बहिणींपैकी थोरली आली. धाकटी आली नाही, आईनं तिला घरीच ठेवलं. समाजमंदिरात आता एक-दोन रांगणारी पोरं असतात आणि ताई एखाद्याला मांडीवर घेऊनच फळ्यावर लिहिते. रोज हजेरी झाली की न आलेल्या मुलाच्या घरी ती निरोप पाठवते. हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

पण अपवाद म्हणून मी ज्या गावाचा उल्लेख केला होता, तिथला वर्ग बंद झाला. तिथली मुलं वर्ग नसलेल्या मुलांपेक्षा काही पुढं गेली नव्हती. तो वर्ग चालवणारी मुलगी नुकतीच पदवीची परीक्षा दिलेली होती, उत्साही होती, मला आवडायची. वर्ग बंद करायचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, ते तुमीच लिवलं ना?"

"हो. मीच लिहिलं."

पलीकडे ती रडत होती. "मी रोज घेतलाय वर्ग. एक दिस चुकवला न्हाई."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

"मग?"

याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. रविवारी मी सगळे कागद घेऊन तिच्या घरी गेले. आम्ही दोघी तिच्या ओसरीवर दुपारभर बसलो. तिच्या मुलांच्या वह्या तिनं जपून ठेवल्या होत्या. पानंच्या पानं सुरेख अक्षरात भरलेली, सगळी फळ्यावरून उतरवलेली. मी एक वही उघडून तिला विचारलं, "हे या मुलाला वाचता येत होतं का?" ती वही बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "वाचून कदी घेतलंच न्हाई मी. वेळ लिवन्यातच जायचा."

वर्षभर ती काय करत होती ते मीच का बघितलं नाही, असंही मला तेव्हा वाटलं. मी वर्षातून दोनदा जाऊन खुणा करत होते. ती एकटी रोज वर्ग घेत होती आणि तिला कुणी काही दाखवलं नव्हतं. तसं मी त्या वर्षीच्या टिपणात लिहिलं: वर्ग घेणाऱ्यांना मधल्या महिन्यांत कुणीतरी भेटायला हवं. ते अजून मंजूर झालेलं नाही. मी दर वेळी पुन्हा लिहिते.

त्या मुलीनं पुढचे काही महिने शनिवारी येऊन मळवलीच्या ताईच्या वर्गात बसून बघितलं, स्वतःच्या हौसेनं. यंदा तिच्या गावानं पुन्हा वर्गासाठी अर्ज केलाय, आणि शिकवणारी म्हणून तिचंच नाव आहे. परवा ती मला स्टेशनवर भेटली. म्हणाली, "मंजूर झाला तर चाचनी कोन घेनार?"

"मीच घेणार," मी म्हटलं. "आणि न आलेल्या मुलांच्या घरी पण जाणार."

"या की," ती म्हणाली. "घरं मी दाखवते."